आराखडा, नाला आणि कूलरची टाकी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं तालुक्याचं गाव ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालं, आता पहिला विकास आराखडा होतोय आणि तुम्ही पहिल्यांदाच निवडून आलात. सल्लागाराच्या सादरीकरणात ‘हवामान-सक्षम, आरोग्यदायी शहर’ असं मोठ्या अक्षरांत होतं. पण तुमच्या वॉर्डात दर पावसाळ्यात डेंग्यू, मे महिन्यात बँकेच्या रांगेत भोवळ येऊन पडणारी माणसं आणि गेल्या दोन वर्षांत घरात शिरायला लागलेलं नालीचं पाणी. यांचा त्या रंगीत नकाशाशी संबंध काय आणि सभेत नेमकं काय धरून बसायचं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तलावाच्या सौंदर्यीकरणाचा ठराव येतोय, त्यावर सही करावी का, हेही.

मी सत्तावीस वर्षं विदर्भातल्या लहान नगरपरिषदांत पाणीपुरवठा आणि बांधकाम पाहिलं. नगररचनेची पदवी माझ्याकडे नाही. काही आराखडे कागदावरून जमिनीवर येताना पाहिलेत, काही कपाटातच पिवळे पडलेले पाहिलेत. त्या अनुभवावर सांगतो. पंधरा-वीस हजार वस्तीच्या गावाला मेट्रोच्या शहरांची पुस्तकं फारशी उपयोगाची नाहीत. आपल्याकडे दोनच गोष्टी पकडून बसा: पाण्याची वाट आणि सावलीची जागा. आरोग्य आणि हवामान हे दोन्ही विषय त्यातच येतात.

डेंग्यूपासून सुरू करतो, कारण त्याचं मूळ आरोग्य खात्यात नसून तुमच्या पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात आहे. भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी रोज ७० लिटर पाणी असा निकष आहे. पाच माणसांच्या घराला झाले ३५० लिटर. नळ चार दिवसांआड येत असेल तर त्या घराला १,४०० लिटर साठवावंच लागतं, म्हणजे दोनशे लिटरचे सात ड्रम. एवढे ड्रम ज्या घरात आहेत तिथल्या बाईला ‘कोरडा दिवस पाळा’ असं पत्रक देण्यात काही अर्थ नाही. ती ड्रम कधीच पूर्ण रिकामा करत नाही. तळाशी वीतभर पाणी ठेवूनच नवं पाणी वरून ओतते, कारण उद्या नळ येईलच याची खात्री तिला कुणी दिलेली नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठवडा-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. हा डास लांब जात नाही, शेदोनशे मीटर, फार तर चारशे. म्हणून डेंग्यूचे रुग्ण नकाशावर टिंबांनी मांडून बघा. ज्या वॉर्डात नळाला पाणी कमी दाबाने आणि उशिरा येतं, पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला, बहुतेक वेळा टिंबांची गर्दी तिथेच दिसेल. मी हे दोन गावांत केलं. दोन्हीकडे पाणी सोडणाऱ्या वॉलमनने नकाशा न बघताच वॉर्ड बरोबर सांगितले.

आणि कूलर. ही गोष्ट बाहेरच्या सल्लागाराच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्या गावात एवढे कूलर नसतात. आपल्याकडे टिनाच्या घरालाही खिडकीला कूलर असतो. मृगाचा पाऊस पडला की हवा दमट होते, कूलर काम करेनासा होतो आणि बंद पडतो. पण तो खिडकीवरून काढतो कोण? खालच्या टाकीत चार बोटं पाणी तसंच राहतं, त्यात कुजकं गवत. एका वर्षी मी आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्तीसोबत जुलैमध्ये घरोघर फिरलो. एका शिक्षकाच्या घरी सगळं लखलखीत, ड्रमवर कापड बांधलेलं. बंद कूलरचं मागचं झापड उघडलं तर टाकीत अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या मुलीला आठ दिवसांपूर्वीच तालुक्याच्या दवाखान्यातून सुट्टी झाली होती. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पाणी फेकून भागत नाही, भिंत घासावी लागते. नगरपंचायतीने जूनच्या शेवटच्या आठवड्यात ‘कूलर उतरवा’ मोहीम घेतली तर तिचा खर्च जवळपास शून्य आहे. त्याउलट धुरळणीवर पैसे जातात. धुराने बाहेर उडणारे डास मरतात, हा डास तर दिवसा चावतो आणि घरात पलंगाखाली, कपड्यांमागे बसून राहतो. धुरळणीचा फोटो मात्र चांगला येतो. (कूलरचं आणखी एक: पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. घरकुलांना वीजजोडणी देताना अर्थिंग बघा, हेही सार्वजनिक आरोग्यच.)

तर आराखड्यात मागायचं काय? जलकुंभांच्या जागा. एकच मोठी टाकी गावाच्या एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाचा दाब कायमचा मेलेला. गावाचे उंचीप्रमाणे भाग पाडून दोन-तीन लहान जलकुंभ, प्रत्येकाचा वेगळा झोन, आणि त्यासाठी पाच-सात गुंठ्यांच्या जागा आराखड्यात आत्ताच आरक्षित करून ठेवा. चार दिवसांचं अंतर एक दिवसावर आलं तरी घरातले ड्रम सातावरून दोनावर येतात. चोवीस तास पाणी ही फक्त महानगरांची चैन नाही. मलकापूर नगरपंचायतीने ते करून दाखवलं. बुलढाण्यातलं मलकापूर नव्हे, कराडजवळचं. मीटर आणि वापराप्रमाणे चढता दर हे दोन्ही त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं, आणि हेच काम पाईप टाकण्यापेक्षा अवघड असतं.

आता घरात शिरणारं पाणी. इथे आधी माझी चूक सांगतो. कापूसपट्ट्यातल्या एका गावात नाल्यावर रपटा होता, म्हणजे पुराचं पाणी वरून जाऊ देणारा बुटका रस्ता, दर पावसाळ्यात रस्ता बंद पडायचा. मी तिथे पाईप मोरी बसवली, ९०० मिलिमीटरचे तीन पाईप, वर भराव, वर डांबर. हिशेबाने पाणी बसत होतं. जुलैच्या एका रात्री जोराचा पाऊस आला आणि शेताच्या धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, वाहत येऊन तिन्ही पाईपांच्या तोंडाशी अडकल्या. त्यावर पालापाचोळा, प्लास्टिक, कुणाचं तरी वाळत घातलेलं गोधडं. माझा भराव धरण झाला. मागच्या वस्तीत कमरेइतकं पाणी. माणूस गेला नाही, हे नशीब. आठ दिवसांनी गेलो तर एका घरात पोत्यांतल्या ज्वारीला मोड आले होते आणि तो आंबट वास अख्ख्या गल्लीभर होता. अहवालात मी ‘अतिवृष्टी’ लिहिलं. ती अतिवृष्टी होती हे खरं, पण जुन्या रपट्यावरून ते पाणी निघून गेलं असतं. तेव्हापासून गावातल्या नाल्यावर पाईप बसवायचा प्रस्ताव आला की मी म्हणतो, स्लॅबची रुंद मोरी करा, जमत नसेल तर रपटाच राहू द्या. वर्षात चार दिवस रस्ता बंद राहिलेला परवडतो.

त्या अनुभवानंतरच मी लेआउटकडे, म्हणजे शेतजमिनीवर पाडलेल्या प्लॉटकडे, वेगळ्या नजरेने बघायला लागलो. एक हेक्टर शेतावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं पाच लाख लिटर. शेत असताना त्यातलं साधारण तीस टक्के वाहून जातं, म्हणजे दीड लाख. तिथेच लेआउट पडला, सिमेंट रोड, फरशी, स्लॅब झाले की ऐंशी टक्क्यांपर्यंत वाहतं, म्हणजे चार लाख. पाऊस तोच, नाला तोच, पाणी अडीचपटीहून जास्त. तुम्ही म्हणता पाणी ‘गेल्या दोन वर्षांत’ शिरायला लागलं. ढगाला दोष देण्याआधी वरच्या अंगाला या काळात किती लेआउट पडले ते मोजा. त्यात हवामान बदलल्याने कमी तासांत जास्त पाऊस पडतोय, म्हणजे दोन्हीकडून मार. नवीन लेआउटला मंजुरी देताना ओपन स्पेस कुठे सोडली ते बघायचं. बिल्डर ती नेहमी विकल्या न जाणाऱ्या कोपऱ्यात सोडतो. ती सर्वांत सखल जागी असावी, रस्त्यापेक्षा फूटभर खाली, म्हणजे पावसाचे दोन तास ती तळं होईल आणि उरलेलं वर्ष मुलांचं मैदान. यासाठी कुठलाही निधी लागत नाही, फक्त मंजुरीच्या वेळी कुणीतरी नकाशावर बोट ठेवावं लागतं.

सिमेंट रोडचंही तेच. जुना रोड न खोदता त्यावरच सहा इंच, पाच वर्षांनी पुन्हा सहा इंच. एका आजीने मला दारातच अडवलं होतं: “साहेब, रोड उच्चा झाला अन् माह्यं घर खाली गेलं. पाणी आता कोठी जाईन, तुमीच सांगा.” तिच्या उंबरठ्याला मी टेप लावली, रस्ता उंबरठ्यापेक्षा नऊ इंच वर होता. ठरावात एकच ओळ घाला की नवा रोड जुन्याच्या पातळीला, खोदूनच होईल. कंत्राटदार नाराज होतील. होऊ द्या.

मोठ्या पुराबद्दल: जलसंपदा खातं नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतं. निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत बांधकाम नको, निळी-लालच्या मधे अटींवर. आपल्या भागात हे विसरायला कुणाला सवड नाही. मोवाड हे वर्धा नदीकाठचं छोटंसं गाव, नगरपरिषद असलेलं. ३० जुलै १९९१ ला पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली आणि पुढे गाव दुसरीकडे वसवावं लागलं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेने भंडारा-गडचिरोलीकडे काय केलं ते तुम्ही पाहिलंच असेल. पण या रेषा मोठ्या नद्यांना असतात. तुमच्या गावातून जाणाऱ्या नाल्याला बहुधा रेषाच नसेल, आणि रेषा नाही म्हणून नकाशावर नालाही नुसती निळी केसासारखी ओळ असेल. तिला रुंदी द्यायला लावा. त्यासाठी जुन्या माणसांना घेऊन नाल्याकाठी फिरा. पाणी कुठवर आलं होतं ते लोक झाडावर, मंदिराच्या पायरीवर बोट ठेवून सांगतात. तिथे रंगाची खूण करा, मोबाईलने जागेची नोंद घ्या आणि ती यादी लेखी द्या.

यात जुने कागद कामी येतात. तुमचा भाग नागपूर विभागात, म्हणजे मध्य प्रांताचा जुना मुलूख. तलाठ्याकडे आणि भूमी अभिलेखात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मिळतं. गुरांची वाट कुठून, तलावाचं पाणी कुणाचं, नाल्याला वहिवाट कुठली, हे त्यात लिहिलेलं असतं. सल्लागाराच्या ड्रोनला आज जिथे दुकानं दिसतात तिथे बंदोबस्ताच्या, म्हणजे जुन्या जमीन मोजणीच्या नकाशात नाला असतो. मी स्वतः एका बसस्टँडच्या पाणी तुंबण्याचं कारण असं शोधलं; अख्खा डेपो जुन्या बोडीवर, म्हणजे छोट्या तलावावर, बसला होता.

आणखी एक सावधगिरी, कारण तुमच्या सादरीकरणात ‘मोकळी शासकीय जमीन’ असा हिरवा-पिवळा पट्टा नक्की असेल. ती महसुली कागदात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली असेल तर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल म्हणजे वनच असं स्पष्ट केलंय. त्यावर क्रीडासंकुल किंवा घनकचऱ्याची जागा आखली तर आराखड्याचा तो कोपरा वर्षानुवर्षं लटकेल. सातबारा आधी बघा. खाजगी शेतावर बगिच्याचं आरक्षण टाकून मोकळं होणं हाही तसाच खेळ आहे. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देतो आणि पैसे नसलेली नगरपंचायत जागा गमावते. पाच आरक्षणं कमी ठेवा पण घेता येतील अशी ठेवा.

आता ऊन. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात पारा चाळिशीच्या वर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त, किंवा सरळ ४५ अंश झाला की उष्णतेची लाट. चंद्रपूरकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, सरासरीच ४२-४३ च्या घरात. म्हणजे ४४ अंशांना ‘लाट’ म्हणणार नाहीत, पण टिनाखाली राबणारा माणूस तेवढ्यातही पडतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, त्यानंतर २०१३ मध्ये त्यांनी देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्यातून आपण घ्यायचं ते इतकंच: इशारा कोणी द्यायचा, दवाखान्यात थंड खोली आणि बर्फ कोणी ठेवायचा, उन्हातलं मजुरीचं काम किती वाजता थांबवायचं, हे नावानिशी लिहिलेलं असावं. ‘संबंधित विभाग’ असं लिहिलं की काम कुणाचंच नसतं.

नकाशात मात्र मी एकच पाहतो: भर दुपारी माणसाला नाइलाजाने कुठे उभं राहावं लागतं? बसथांबा. आठवडी बाजार. तहसील. पीककर्जाच्या दिवसांत बँकेचं दार. रेशन दुकान. या पाच-सहा जागी सावली आणि पाणी असेल तर उन्हाळ्याचं अर्धं काम झालं. सल्लागार मात्र झाडं लावतो बायपासच्या दुभाजकात, जिथे कुणी थांबत नाही. बाजाराच्या ओट्यावर पत्र्याचं शेड नको, पत्रा वरून तापून खाली आग ओकतो. शेड करायचंच तर उंच करा आणि वर पांढरा रंग द्या. पश्चिमेला कडुनिंब, करंज, चिंच. झाड लावताना बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी राहील असं रस्त्याच्या अंदाजपत्रकातच लिहा, नाहीतर पेव्हर ब्लॉकवाला गळ्यापर्यंत आवळतो. आणि तीन उन्हाळे पाणी घालायची रक्कम धरा. फक्त खड्डा आणि रोप यांचं बिल निघालं की पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा वृक्षारोपण.

घरकुलांची छतं हाही विषय. कवेलूचं घर मोडून स्लॅब झाला, पावसाची गळती गेली, पण रात्री अकरापर्यंत स्लॅब तव्यासारखा. मार्चमध्ये वरून चुन्याचे दोन हात दिले तर दुपारी स्लॅबवर अनवाणी उभं राहता येतं. करून बघा, कुणाला समजावण्याची गरज राहणार नाही. घरपट्टीत थोडी सूट दिलीत तर शंभरेक घरं पहिल्याच वर्षी करतील.

मैल्याबद्दल थोडक्यात. सेप्टिक टँकचं तोंड नालीत सोडलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. वाई आणि सिन्नरने टाक्या तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसायची पद्धत घातली. त्यासाठी गाडी आणि प्रक्रियेची जागा लागते. जागा आराखड्यात आत्ताच मागा, गावापासून लांब आणि नाल्याच्या खालच्या अंगाला. शोषखड्ड्यांची योजना आली तर आधी माती बघा. बरड, मुरमाड जमिनीत पाणी जिरतं. कन्हारीत, म्हणजे काळ्या चिकण जमिनीत, ते जिरत नाही. खड्डा मुरमापर्यंत नेला नाही तर तो डासांचा हौद होतो.

सभेत कधी बोलायचं, हेही महत्त्वाचं. बहुतेक सदस्य प्रारूप, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर हरकती घेऊन जागे होतात. तेव्हा आरक्षणं बसलेली असतात आणि प्रत्येक हरकतीमागे कुणाचा तरी प्लॉट असतो. खरी संधी त्याआधी, विद्यमान जमीन-वापर नकाशा तयार होताना. त्या नकाशाची प्रत लेखी मागा, त्यावर तुमच्या नाल्याच्या खुणा, डेंग्यूची टिंबं आणि दुपारच्या रांगांच्या जागा लाल पेनने टाका आणि पोच घेऊन परत द्या. प्रारूपात त्या आल्या नाहीत तर हरकतीला तीच पोच जोडायची.

राहिला तलाव. तुमचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांनी, बांधलेले असे हजारो तलाव भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत आहेत, आणि धानाच्या पाण्यासाठी होते म्हणून टिकले. सौंदर्यीकरणाचं अंदाजपत्रक मागवून त्यात तीनच गोष्टी तपासा. एक, चालण्याची पायवाट पाळीवर (तलावाच्या बांधावर) आहे की तलावाच्या पोटात भराव घालून. पोटात असेल तर तेवढा तलाव गेला. दोन, चारी बाजूंनी दगडाचं पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, आहे का. येव्याच्या, म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूला पिचिंग आणि भिंत केली की पाणी आत येण्याची वाटच बंद होते, मग टँकरने तलाव भरायची पाळी येते, तेही मी पाहिलंय. तीन, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. सांडव्यावर चौपाटी, दुकानगाळे किंवा ‘सेल्फी पॉइंट’ दाखवला असेल तर सही करू नका. सांडवा मोकळा आणि त्याच्या पुढचा नाला साफ एवढं ठरावात लेखी आलं, तर कारंज्याला माझी हरकत नाही. फक्त त्याचं वीजबिल कोण भरणार ते त्याच सभेत विचारून घ्या.